मोकळ्या जमिनीचा लिलाव आणि गरिबांच्या घरांचा वाटा

अर्धापूर : शासनाची किंवा स्थानिक संस्थेची विनावापर जमीन विकावी आणि तिथे परवडणारी घरे उभी राहावीत, ही कल्पना ऐकायला सोपी वाटते. तिजोरीत पैसा येतो व बेघरांना छप्पर मिळते. प्रत्यक्षात घरांचा वाटा कागदावर कसा मोजला जातो, यावर सारे अवलंबून असते.

अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात, वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी केंद्र व राज्याचे मिळून अडीच लाखांचे साहाय्य आहे. पण ज्याच्या नावावर जागाच नाही, अशा मजुराला हा मार्ग बंद असतो. त्याला एक तर भूखंडाचा हक्क मिळावा लागतो किंवा सार्वजनिक जमिनीवरील गृहप्रकल्पात घर. म्हणूनच अशी जमीन हातची जाणे त्याच्या दृष्टीने मोठे नुकसान ठरते.

कायदा काय सांगतो?

नगर परिषदा व नगरपंचायतींना १९६५ चा कायदा लागू आहे. त्याच्या कलम ९२ नुसार स्थावर मालमत्ता हस्तांतरित करण्यासाठी राज्य शासनाची मंजुरी लागते. प्रस्तावासोबत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने संमत झालेला ठरावही द्यावा लागतो. तीन वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला मात्र ही अट नाही. महापालिकांच्या कायद्यात चालू बाजारभावापेक्षा कमी दराने विक्री न करण्याचे बंधन आहे. या तरतुदी जमिनीची किंमत राखतात. घरांची हमी देण्यासाठी वेगळी अट घालावी लागते.

मुंबईचा धडा

अशी अट घालूनही ती कशी निसटते, हे मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींनी दाखवले. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या डबघाईला आल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांना जमीन विकसित करण्याची वा विकण्याची मुभा दिली. त्या बदल्यात साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि तितकीच म्हाडाला घरांसाठी द्यायची होती.

२००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, मूळ बांधकामे वगळून उरलेल्या मोकळ्या जागेचीच होईल, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात बहुतेक जागा बांधकामांनी व्यापलेली असल्याने घरांचा वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये हा अर्थ अमान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निकाल फिरवला.

दरम्यान, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये पाच गिरण्यांच्या जमिनी दोन हजार कोटींहून अधिक किमतीला विकल्या. नांदेडची उस्मानशाही गिरणीही कधीकाळी याच महामंडळाकडे होती. मुंबई टेक्स्टाइल गिरणीची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटींना गेली आणि २०१२ मध्ये तीच २,७२७ कोटींना पुन्हा विकली गेली. त्याच वर्षी गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली. घरे होती ६,९२५. घरासाठी अर्ज करणारे कामगार व त्यांचे वारस सुमारे दीड लाख. संप सुरू होऊन तेव्हा तीस वर्षे लोटली होती.

ठरावात काय पाहावे?

सार्वजनिक जमिनीच्या विक्रीचा ठराव सभेपुढे येतो तेव्हा बोलीच्या रकमेपेक्षा काही साधे प्रश्न अधिक मोलाचे असतात. घरांचा वाटा संपूर्ण क्षेत्रफळावर मोजला आहे की उरलेल्या जागेवर? विक्रीखतात घरांची संख्या, आकार व मुदत नमूद आहे का? मुदत टळल्यास जमीन परत घेता येईल का? कायमच्या विक्रीऐवजी दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा शक्य आहे का? ही उत्तरे ठरावातच लेखी असतील, तर बेघरांना दाद मागायला निदान आधार राहील. विकलेली जमीन गावाला सहसा परत मिळत नाही.