जुने फॉन्ट आणि क्लाउडचा आरसा

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, आदिलाबाद आणि निर्मल यांच्या दरम्यान नेरडीगोंडा हे गाव लागते. या मुलखात तेलुगू, मराठी आणि गोंडी या भाषा शेजारीशेजारी नांदतात. अशा ठिकाणी लग्नपत्रिका किंवा भजनी मंडळाची पुस्तिका मराठीत छापावयाची झाली, तर तिचा मजकूर पुष्कळदा एखाद्या जुन्या संगणकात पडून असतो. तो वाचता येणे न येणे एका लहानशा फाइलवर अवलंबून असते. ती फाइल म्हणजे फॉन्ट.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींवर मराठी मजकूर जुळवला जाई. त्यात ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेले नसे. त्याच्या जागी रोमन अक्षराचा वा चिन्हाचा क्रमांक असे आणि त्यास देवनागरी रूप देण्याचे काम फॉन्ट करी. फॉन्ट गेला की मजकूर शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. कुलूप जागेवर असते. किल्ली मात्र हरवलेली असते.

ही किल्ली हरवते कशी? जुन्या मॅकिंटॉश संगणकावर एका फाइलचे दोन कप्पे असत. टाइप 1 फॉन्टचा सारा ऐवज त्यांपैकी ‘रिसोर्स’ नावाच्या कप्प्यात राही. दुसरा कप्पा रिकामाच असे. क्लाउडच्या अनेक सेवांना, तसेच विंडोजला, हा पहिला कप्पा ओळखता येत नाही. त्या रिकामा कप्पा तेवढा उचलतात. फाइलचे नाव तेच राहते, आकार मात्र शून्य होतो.

यापुढील अनर्थ अधिक मोठा. क्लाउडचे सिंकिंग हा आरसा आहे, तिजोरी नव्हे. एका संगणकावर जे घडते तेच तो इतर ठिकाणी दाखवितो. एका जागी फाइल बिघडली वा पुसली गेली, की तोच बिघाड बाकीच्या प्रतींतही उतरू शकतो.

उपाय सोपा आहे. मूळ मॅकवरच फॉन्टचे सबंध फोल्डर झिप करावे किंवा त्याची डिस्क इमेज करावी आणि ते बंद गाठोडेच क्लाउडवर ठेवावे. ते सोडावयाचे तेही मॅकवरच. एकदा सोडून प्रत्येक फाइलचा आकार मुळाशी ताडून पाहावा. सिंकिंगशी संबंध नसलेल्या डिस्कवर आणखी एक प्रत असावी. विंडोजवरील ट्रूटाइप फॉन्टला दोन कप्प्यांचे हे भय नाही. परंतु आरशाचे भय त्यासही आहेच. यानंतर सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणावा, मात्र रूपांतर तपासून होईपर्यंत मूळ फाइल व फॉन्ट टाकू नयेत.

आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतून पुढे आलेल्या गोंडी लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते 2018 साली. त्यापूर्वी संगणकावर त्या लिपीत जे काही लिहिले गेले असेल, ते सर्वस्वी फॉन्टवरच विसंबून आहे. मराठीच्या जुन्या मजकुराची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. मजकूर जपावयाचा तर आधी त्याची किल्ली जपली पाहिजे.