आधी अस्वल, मग मांजर

लहान मुलाला एखादा गोंडस प्राणी काढायला शिकवायचा म्हटलं की बहुतेक घरांत पहिलं नाव मांजराचं निघतं. एक गोल, वर दोन त्रिकोणी कान, मिश्या, की झालं. मोठ्यांना याहून सोपं काय वाटणार? आणि चार वर्षांचं मूल नेमकं तिथंच अडतं. गोल झकास येतो, कान काही केल्या जमत नाहीत. टोकं वाकडी होतात, खोडरबरानं कागद फाटतो आणि मग ते वाक्य येतं : "बाई, मला येत नाही, तुम्हीच काढून द्या." हे वाक्य एकदा तोंडात बसलं की लवकर सुटत नाही.

एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका घेऊन मी साताऱ्यात चित्रकला शिक्षिका झाले. सगळी नोकरी माध्यमिक शाळेतली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुलं, त्यांचं स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. निवृत्तीनंतर आमच्या ओसरीवर छोट्या शिशुपासून दुसरीपर्यंतची पोरं जमायला लागली, आणि या वयाला वेगळाच हिशेब लागतो हे दिसलं. तो हिशेब हाताचा आहे.

मूल साधारण तिसऱ्या वर्षी पाहून गोल काढू लागतं. अधिकची खूण चौथ्याच्या आसपास जमते, चौकोन साडेचार-पाचच्या सुमारास. त्रिकोण त्याच्याही नंतर, आणि पतंगाचा आकार यायला तर बहुतेकांना सातवं वर्ष उजाडतं. बालरोगतज्ज्ञ वाढीची तपासणी करताना मुलांना हेच आकार काढायला लावतात, कारण यायचा क्रम बहुतेक मुलांत असाच असतो. अवघड जाते ती तिरकी रेष. उभ्या रेषेत हात नुसता खाली येतो, आडव्या रेषेत नुसता बाजूला जातो. तिरक्या रेषेत दोन्ही एकाच वेळी करायचं, शिवाय शेवटी दोन रेषांचं टोक जुळवायचं. म्हणजे मांजराचे कान येत नाहीत यात मुलाच्या चित्रकलेचा काही संबंध नाही. वय अजून झालेलं नाही, एवढंच.

म्हणून माझ्याकडे पहिला प्राणी अस्वल. मोठा गोल डोक्याचा, त्याच्याखाली चिकटून लहान गोल पोटाचा, डोक्यावर दोन अर्धे गोल कानांचे. तोंडाच्या जागी एक आडवा लंबगोल, त्यात काळं नाक. हातपाय म्हणजे आखूड, जाड फुगवटे. सगळं गोलातून येतं, म्हणून सगळं जमतं. याच अस्वलाचे कान उंच ओढले की ससा होतो, बाजूला पसरून मोठे केले आणि मध्ये सोंड सोडली की हत्ती. सोंड हा मुलांचा लाडका भाग. ती कागदाच्या बाहेर जातेच. जाऊ द्यावी, खाली दुसरा कागद चिकटवावा. मांजर यायचं ते पहिलीत, आणि तेव्हा ते बिनबोभाट येतं.

आता गोंडसपणाचं. अस्वल काढलं म्हणून ते गोंडस दिसेलच असं नाही. मी फळ्यावर एकसारखे दोन गोल काढते. एकात डोळे वरच्या बाजूला, जवळजवळ. दुसऱ्यात मध्याच्या खाली, एकमेकांपासून लांब. बाकी काही नाही. मग विचारते, "यातलं बाळ कोणतं?" सगळी बोटं दुसऱ्याकडे जातात. बोबडं बोलणाऱ्या मुलालाही हे कळतं, त्याला सांगावं लागत नाही.

असं का होतं, याचं उत्तर कोनराड लोरेंट्स या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञानं 1943 साली मांडलं. अंगाच्या मानानं मोठं डोकं, मोठं पुढे आलेलं कपाळ, त्यामुळे खाली सरकलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय : तान्ह्या बाळाच्या या खुणा दिसल्या की माणसाला माया येते, मग त्या माणसाच्या पिल्लात असोत की कुत्र्याच्या. चित्रकारांना हे हातानं आधीच माहीत होतं. मिकी माउस 1928 मध्ये पडद्यावर आला तेव्हा चांगलाच टवाळ उंदीर होता. पुढच्या दशकांत त्याचं डोकं आणि डोळे मोठे होत गेले. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं मिकीची जुनी-नवी चित्रं मोजून 1979 मध्ये त्यावर निबंध लिहिला : वर्षं जातात तसा मिकी दिसायला लहान होत जातो. जपानची 1974 ची हॅलो किटी तर तोंडावाचूनच गोंडस आहे. मुलांना यातलं काही सांगायची गरज नाही. "डोळे खाली आण, लांब लांब ठेव" एवढं पुरतं.

फळ्यावर काढून दाखवावं की नाही, यावर आमच्या क्षेत्रात जुना वाद आहे. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचं 1947 चं पुस्तक शिक्षकांनी वर्षानुवर्षं वाचलं. नुसते रंग भरायच्या तयार चित्रवह्या लोवेनफेल्डना अजिबात मान्य नव्हत्या, मुलाच्या स्वतःच्या रेषेवरचा विश्वास त्यानं जातो म्हणून. सेवाग्रामला 1944 पासून कला शिकवणाऱ्या देवी प्रसादांचाही भर मुलाच्या स्वतःच्या अभिव्यक्तीवरच होता. उलट ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन या कलाशिक्षणाच्याच अभ्यासकांनी 1977 मध्ये ठणकावून लिहिलं की मुलं चित्रं पाहूनच चित्र काढायला शिकतात.

मी या दोन्ही बाजूंच्या मध्ये बसते. अस्वल दाखवते, पण शेवटपर्यंत नेत नाही. डोकं, पोट, कान, डोळे झाले की फळा पुसते. पुढचं ज्याचं त्यानं. अस्वल कुठं निघालंय? पाऊस आहे का? त्याच्या हातात काय आहे? इथून प्रत्येक अस्वल वेगळं व्हायला लागतं. एक चिमुरडी तिच्या अस्वलाला दर वेळी नऊवारी नेसवते. सत्तरच्या दशकात व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली, ती अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहेत. त्यांच्या चित्रात कुणी नुसतं उभं नसतं, काहीतरी चाललेलं असतं. वर्गातल्या सगळ्या कागदांवर हुबेहूब तेच अस्वल आलं, तर तो तास वाया गेला असं मी समजते.

एक गोष्ट मात्र मी कधीच सुधारत नाही. या वयाची मुलं गाय काढतात ती आडवी, चार पाय एका रांगेत, पण तोंड सरळ आपल्याकडे केलेलं आणि माणसासारखं हसरं. पालक म्हणतात, "बाई, हे चुकलंय ना?" मी म्हणते, व्यंगचित्रकार हेच पैसे घेऊन करतो.

सामानाचं फार नाही. जाड मेणखडू घ्या, बारीक स्केचपेन नको. पाठकोरे कागद भरपूर ठेवा, चांगला कार्ट्रिज पेपर दिला की मुलं घाबरून बारकं काढतात. खोडरबर कपाटात. यूट्यूबवरचे धडे दाखवायला हरकत नाही, पण त्यातला हात मोठ्या माणसाचा असतो आणि भरभर चालतो, म्हणून शेजारी बसा आणि थांबवत थांबवत दाखवा.

आणि पालकांना एक विनंती. मुलाच्या कागदाला तुमची पेन्सिल लावू नका, कान कितीही वाकडा असो. दाखवायचंच असेल तर शेजारी तुमचा वेगळा कागद घ्या. चित्र झालं की मागच्या बाजूला तारीख टाका, आणि अस्वल काय करतंय ते मुलाला विचारून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.