पंधरा मिनिटांची पुस्तकं

आमच्या घरात सलग वाचता येईल अशी वेळ पहाटे असते आणि तेव्हा मी झोपलेली असते. बाकीचा दिवस ऑफिस, दोन मुलं, सासूबाईंचं पथ्यपाणी आणि नळाला पाणी येण्याची वेळ यांत वाटलेला. त्यामुळे पुस्तक जाड की बारीक, हे मी हल्ली बघत नाही. मधेच ठेवून चार दिवसांनी उचललं तर ते ओळख दाखवतं का, एवढंच बघते. यंदा त्यात पहिला नंबर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा.

1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र आपण शाळेत धड्यापुरतं वाचलेलं असतं. लहरी कवी नवरा, त्यानं 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, मग पुन्हा एकत्र संसार, एवढं साधारण माहीत असतं. अख्खं वाचताना कळतं, बाई केवढ्या विनोदी होत्या! सोवळ्यापायी घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुवून घेणारे वडील त्या रंगवतात, पण रडगाणं नाही. प्रसंग सांगतात आणि पुढे जातात. दोन पानं वाचून उठलं तरी काही लोंबकळत राहत नाही.

रात्री लसूण सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाच की गं." तेव्हापासून तो रोजचा कार्यक्रमच झाला. टिळक न सांगता घरातून निघून गेले की त्यांचा हात थांबायचा. "आता खिसा रिकामा करून येतो बघ हा!" आणि बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा. लक्ष्मीबाई लिहाय-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, हे ऐकल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "मग एवढं लिहिलं कधी हिनं?"

या प्रश्नानं मला बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं'पर्यंत नेलं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला आलेली रद्दीची वर्तमानपत्रं त्या गल्ल्यावर बसून वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. वह्या घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवलेल्या. फलटणलाच राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते लेखन उजेडात आलं आणि 1986 साली पुस्तक झालं. महारवाड्यातलं दारिद्र्य, पोरवयात लग्न झालेल्या सुनांचे हाल, सासवांचा जाच आणि बाबासाहेबांच्या हाकेनं उठलेल्या बाया, सगळं त्यात आहे. आपल्याच बायकांनी सुनांना कसं छळलं, हेही बाई झाकत नाहीत. सुनांचे हाल वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला. सासूबाई म्हणाल्या, "नीट ऐकू येईल असं वाच." हे पुस्तक दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लिहिलेलं आहे, म्हणूनच माझ्यासारखीला पंधरा-पंधरा मिनिटांत वाचता आलं, असं माझं ठाम मत आहे.

उलट विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (1939) तुकड्यांनी वाचूच नये. पुस्तक हातात मावेल एवढं, पण दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवरचे ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा यांच्यातून मधे कुकरकडे पळालं की सगळा ताण सुटतो. दोनदा सुरू करून ठेवून दिलं होतं. शेवटी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर सलग वाचलं. नर्सनं दोनदा हाक मारली म्हणे.

मुलीच्या क्लासबाहेर स्कूटरवर बसून 'बनगरवाडी' पुन्हा वाचली. अजून तशीच ताजी. पाचवीतल्या चिरंजीवांनी फुरसुंगीच्या फास्टर फेणेपायी दिवसभर 'ट्टॉक' करून घर डोक्यावर घेतलं. नेमाड्यांची 'हिंदू' मात्र शंभरेक पानांनंतर वाचनालयात परत केली. तिला मुलं मोठी झालेला वाचक हवा.

सध्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' चालू आहे. वरसईचे हे भिक्षुक चार पैसे मिळवायला उत्तरेकडे गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. मी वेढ्यापर्यंत पोचायची घाई करतेय. सासूबाईंना डोळा बरा झाल्यावरही स्वतः वाचायचं नाहीये आणि भटजींना कुठे किती दक्षिणा मिळाली, ती पानं मला गाळू देत नाहीत.