कोणाचा रे तू?

माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल बघायला बसलं की आधी हलगी कानावर येते आणि मग भोंग्यावरून पुकारलेली नावं. नुसतं नाव कधी पुकारत नाहीत. पैलवानाचं नाव, त्यामागं गाव, त्यामागं वस्ताद नाहीतर तालीम. गाव ऐकू आलं की मातीभोवतीच्या गर्दीतला एक कोपरा उठून उभा राहतो. पैलवान अजून अंगाला माती लावत असतो, तोवर त्याची माणसं कोण हे सगळ्या मैदानाला कळलेलं असतं. आमच्या कंधार-लोह्याकडं ओळख अशीच होते. अनोळखी पोर दारात दिसलं की म्हातारी त्याला नाव विचारत नाही. विचारते, "कोनाचा रे तू?"

हाच प्रश्न मला बऱ्याच वर्षांनी कोल्हापुरात भेटला. शाहू स्टेडियमबाहेर चहाच्या गाड्यावर उभा होतो. शेजारच्या पिकल्या मिशांच्या आजोबांनी विचारलं, "कुठल्या तालमीचं?" मी म्हटलं, "नाही हो, मी कुस्ती कधी केली नाही." गाड्यावरची चार माणसं खळखळून हसली. मग आजोबांनीच समजावलं, "पाव्हणं, हितं तालीम म्हंजे फुटबॉल."

हा लेख त्या हसण्यातून सुरू झाला.

लाल मातीतून हिरवळीवर

कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावं एकदा ओळीनं म्हणून बघा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. निम्म्या नावांत कुस्तीची तालीम बसलेली आहे. माळेगावच्या खंडोबाला बेल-भंडार वाहणाऱ्या माणसाला तर 'खंडोबाचा गोलकीपर' हे शब्द पहिल्यांदा ऐकून दचकायलाच होतं.

याचं मूळ गावाच्या घडणीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९०२ साली ते युरोपला गेले, आणि रोमचं जुनं प्रेक्षागार पाहून खासबाग मैदानाची कल्पना त्यांना सुचली असं सांगतात. १९१२ साली ते मैदान खुलं झालं. पेठेपेठेत तालमी होत्याच. तालीम म्हणजे नुसता हौदा नव्हता. गणपती तिथं बसायचा, शिवजयंती तिथून निघायची, भांडणं तिथं मिटायची आणि नवी तिथंच सुरू व्हायची. फुटबॉल संस्थानी काळातच इथं रुजला, आणि पेठेतल्या पोरांना तो खेळायचा झाला तेव्हा त्यासाठी वेगळा क्लब काढायची गरज पडली नाही. जमायची जागा होती, वडीलधारी माणसं होती, शेजारच्या पेठेशी ईर्षाही तयार होती. चेंडू तेवढा नवा आला.

म्हणून इथल्या फुटबॉलचा नकाशा हा पेठांचा नकाशा आहे. पाटाकडील आणि बालगोपाल मंगळवार पेठेतले. शिवाजी आणि खंडोबा शिवाजी पेठेतले. दिलबहार रविवार पेठेतला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'केएसए', साखळी सामने भरवते. दिवाळी सरली की हंगामाची चाहूल लागते आणि उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक चषक चालू राहतात. खासबाग आणि शाहू स्टेडियम ही चालत जाण्याच्या अंतरावरची मैदानं. एकात माती, दुसऱ्यात हिरवळ. प्रेक्षक मात्र त्याच घरांतले.

संघ मिळतो कसा?

मी फुटबॉल पाहायला लागलो तो १९९० च्या विश्वचषकापासून. कंधारात रंगीत टीव्ही मोजक्या घरांत. अंतिम सामना ८ जुलैच्या रात्री. पावसाळ्याचे दिवस, वीज कधी जाईल सांगता येत नव्हतं. पश्चिम जर्मनीच्या ब्रेमेनं पेनल्टीवर गोल मारला, अर्जेंटिना एक-शून्यनं हरली आणि मॅराडोना रडला. ते रडणं पाहून मी अर्जेंटिनाचा झालो. कारण तेवढंच. त्या रात्री तो हसला असता तर मी कोणाचा झालो असतो कोण जाणे.

गाड्यावरच्या आजोबांना मी हे सांगितलं, तेव्हा ते जरा कणवेनं माझ्याकडं बघत राहिले. त्यांना संघ निवडायची वेळच आली नव्हती. ज्या गल्लीत जन्म, त्या गल्लीचा संघ. वडील नेत होते, त्यांना त्यांचे वडील. पेठेतला माणूस स्वतःची ओळख करून देतो तीही याच क्रमानं. आधी पेठ, मग तालीम, मग घरातून कोण कोण खेळलं, आणि शेवटी जमलंच तर स्वतःचं नाव. माळेगावच्या भोंग्यावरचीच ही रीत, फक्त उलट्या टोकानं सुरू होणारी.

आठवणीही तशाच येतात. मला वाटलं होतं, जुना माणूस गोल सांगेल. डाव्या बगलेवरून चेंडू कसा आला, बचाव कसा फुटला. ते येतं, पण मागाहून. आधी येतं ते वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेलं मैदान. तिकिटाला पैसे नव्हते म्हणून गाठलेली भिंत. टायब्रेकर चालू असताना मैदानाकडं पाठ करून बसलेला काका, जो नुसत्या आरोळीवरून गोल झाला की हुकला ते ओळखायचा. घरातल्या तारखासुद्धा सामन्यांवरून मोजल्या जातात. थोरलीचं लग्न कधी झालं? आपण फायनल हरलो त्या साली. गोल हे निमित्त. लक्षात राहतं ते शेजारी कोण बसलं होतं, आणि आता ती जागा कोणाची आहे.

मॅराडोनाच्या त्या रात्री माझ्या शेजारी कोण बसलं होतं, हे मला धड आठवत नाही.

आमचाही एक संघ होता

पण कंधारला संघ नव्हताच, असं म्हणणं खरं नाही. एक होता, आणि तो हिंदुस्थानातला सर्वांत बलाढ्य होता. आम्ही त्याला ओळख दिली नाही एवढंच.

कंधार निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्याच हैदराबादेत शाळामास्तर असलेल्या सय्यद अब्दुल रहीम यांनी १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडवला. मुंबईतली रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झालेली, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. ती या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं जिंकली. १९५० चा ड्युरँड चषक त्यांनी मोहन बागानला हरवून नेला. रहीम यांच्या हाताखाली भारतानं १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्ण मिळवलं. 'मैदान' हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे.

मग कंधारच्या जुन्या माणसांच्या तोंडी हे नाव का नाही? कंधारला आजही रेल्वे नाही, त्या काळी हैदराबादचं मैदान गाठणं म्हणजे कोर्टाच्या तारखेइतकंच दुर्मीळ काम, हे एक कारण असेल. मला दुसरं अधिक पटतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या भागानं निजामाची सत्ता आणि रझाकारांचा जाच भोगला. त्या पिढीला 'हैदराबाद पोलीस' हे शब्द ऐकून टाळी वाजवावीशी वाटली नसेल, तर नवल नाही. संघ कितीही चांगला असो, त्याच्या नावात आपलं गाव ऐकू आलं पाहिजे.

पुढं १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. महिनाभरात, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम यांच्या भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. नेव्हिल डिसूझांनी त्या दिवशी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत चौथा आला. त्या संघात नूर महंमद, अझीझुद्दीन, तुलसीदास बलराम असे हैदराबाद-सिकंदराबादचे खेळाडू होते. महिन्याभरापूर्वीपर्यंत आम्ही एकाच राज्याचे. आम्ही निघून आलो आणि ते चौथे आले. दोन्ही बातम्या एकमेकींना न भेटताच जुन्या झाल्या.

हलवता येणारे आणि न हलणारे

संघ आपला व्हायला नुसतं जिंकणं पुरत नाही, हे महाराष्ट्रानं पुन्हा पुन्हा पाहिलंय. मुंबईत गिरण्यांचे आणि कंपन्यांचे संघ होते. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला. रोव्हर्स चषकही शतक उलटताना थांबला. पुण्याच्या एफसी पुणे सिटीला नारंगी झेंडे घेऊन येणारे हौशी पाठीराखे होते. २०१९ मध्ये तो संघ गुंडाळला गेला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा गेली कुठं, तर हैदराबादला.

कागदावर असलेला संघ असा एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो. पाटाकडील तालीम कुठं नेणार? मंगळवार पेठ उचलून नेता येत नाही.

जगातही हेच दिसतं. स्पेनचा अॅथलेटिक बिल्बाओ १८९८ पासूनचा. तो बास्क मुलखाशी नातं असलेलेच खेळाडू घेतो आणि तरी पहिल्या श्रेणीतून कधी खाली घसरलेला नाही. कोलकात्याचा ईस्ट बंगाल १९२० साली निघाला आणि पुढं पूर्व बंगालातून उखडून आलेल्यांचं घर झाला. तो जिंकला की त्यांच्या घरी हिल्सा शिजायची, मोहन बागान जिंकला की दुसऱ्यांच्या घरी कोळंबी. संघ कोणाचा, ते स्वयंपाकघरातून कळायचं.

कोल्हापूरनं मात्र दार उघडं ठेवलंय. तिथल्या संघांतून अलीकडे परप्रांतांतले आणि आफ्रिकेतले खेळाडूही उतरतात. आठ महिन्यांपूर्वी पेठेचं नाव न ऐकलेला पोरगा गोल मारतो आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या त्याला जेवायला बोलावतात. उलट कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला, तेव्हा तो कोणत्या पेठेचा हा वाद काही दिवस बाजूला ठेवून अख्खं गाव त्याचं झालं. मुलींचा कोल्हापूर सिटी संघ देशाच्या महिला लीगमध्ये खेळून आला.

आजोबांनी लपवलं नाही असंही एक आहे. ज्या ईर्षेनं संघ जगतो, तीच कधी दगड उचलते. कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्यात, पोलिसांना मध्ये पडावं लागलंय. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागानच्या सामन्यात सोळा माणसं मेली. सामना बघायला गेलेली. "खुन्नस मैदानात पायजे," आजोबा म्हणाले, "बाहेर आल्यावर चहा एकाच गाड्यावर प्यायचा असतोय." ते स्वतः शिवाजी पेठेचे. त्यांचा चहा ज्यानं पाजला तो मंगळवार पेठेचा होता.

बहाद्दरपुऱ्याशी मॅच

परत आलो तेव्हा माळेगावची यात्रा तोंडावर होती. संध्याकाळी कंधारच्या किल्ल्याकडं फिरायला निघालो. वाटेत मोकळ्या रानात दहा-बारा पोरं खेळत होती. चपलांचे गोल. निम्म्यांच्या पाठीवर मेस्सी, बाकीच्यांच्या रोनाल्डो. एका बारक्याला जवळ बोलावलं.

"कोनाचा रे तू?"

त्यानं बापाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. मी पाठीवरच्या दहा नंबराकडं बोट केलं. "आन् हा?"

"ते मेस्सीचं हाय." चेंडूवरची नजर न काढता तो म्हणाला. "पर उद्या बहाद्दरपुऱ्याशी मॅच हाय आमची. तवा हे नाई घालायचं. सगळ्यायनं पांढरा सदरा घालायचा ठरलंय."

"पांढरा का?"

"शाळेचा सगळ्यायकडं हाय ना."

चेंडू त्याच्याकडं आला. तो पळाला, आणि पलीकडून कोणीतरी त्याला नावानं नाही, गल्लीच्या नावानं हाक मारली.