ज्वारीच्या पानातली आतली खोली

भर दुपारी उन्हातलं मक्याचं एक पान तोडून आणा. मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा आणि मग स्पिरिटमध्ये घालून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. (स्पिरिटचं भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही, भडका उडतो.) हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरून पान फिकट पडलं की त्यावर टिंक्चर आयोडीनचे थेंब टाका. शाळेत हा प्रयोग जास्वंदीच्या पानावर केलेला असतो. तिथं सगळं पानच निळं-काळं होतं. मक्याच्या पानावर मात्र भिंगाखाली रेघा दिसतात. काळेपणा तेवढा शिरांना चिकटलेला असतो, मधल्या पट्ट्या फिकटच राहतात.

मधल्या पेशीही हिरव्याच होत्या. ऊनही दोन्हीकडे सारखंच पडत होतं. मग स्टार्च फक्त शिरांच्या कडेलाच का साठला?

प्रकाशसंश्लेषणाचा पहिला अर्धा भाग आपल्याला पाठ असतो. हरितद्रव्य ऊन शोषतं, पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि पेशीच्या हाती ऊर्जा येते. खरी गंमत दुसऱ्या अर्ध्यात आहे. ही ऊर्जा वापरून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर करायची असते, आणि त्यातली पहिली पायरी रुबिस्को नावाच्या विकराकडे असते. मेल्विन काल्विन आणि अँड्र्यू बेन्सन यांनी बर्कलेमध्ये किरणोत्सारी कार्बन पाजलेली शेवाळं काही सेकंदांत उकळत्या अल्कोहोलमध्ये सोडून हा रस्ता टप्प्याटप्प्यानं शोधला. कार्बन आधी तीन कार्बनांच्या आम्लात सापडतो, हे त्यातून कळलं. १९६१ चं नोबेल एकट्या काल्विनला मिळालं. बेन्सनचं नाव त्यात नसणं आजही खटकतं.

रुबिस्को हे बहुधा पृथ्वीवरचं सर्वांत मुबलक प्रथिन. ते एवढं लागतं याचं कारण त्याचा संथपणा: एक रेणू सेकंदाला जेमतेम तीन ते दहा वेळा काम उरकतो. त्यात आणखी एक खोड. कार्बन डायऑक्साइड समजून तो ऑक्सिजनही पकडतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा त्याला फार दोष देता येत नाही. तो घडला तेव्हा हवेत ऑक्सिजन नावालाच होता. पण चूक महाग पडते. साधारण २५ अंश तापमानाला तीन-चार वेळा बरोबर, तर एकदा चूक, असा हिशेब असतो. चुकीतून तयार होणारा पदार्थ निस्तरताना झाडाची ऊर्जा जाते आणि आधी मिळवलेला कार्बनही थोडा निसटतो. ऊन तापलं की पान पाणी वाचवायला रंध्रं मिटतं, आतला कार्बन डायऑक्साइड संपत येतो आणि चुका वाढतात. गहू, भात, तूर, हरभरा, कापूस, सोयाबीन ही सगळी पिकं हा तोटा सोसतच वाढतात.

ऊस तो सोसत नाही, हे साखरवाल्यांच्याच प्रयोगशाळांमध्ये कळलं. हवाईतल्या ऊस मळेवाल्यांच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कॉर्टशॅक आणि कॉन्स्टन्स हार्ट यांना किरणोत्सारी कार्बन आधी चार कार्बनांच्या आम्लांत सापडला. १९६५ मध्ये त्यांनी ते छापलं. ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी तो धागा पकडला आणि १९६६ पासून पुढच्या काही वर्षांत सगळा मार्ग उलगडला. त्याला सी-फोर म्हणतात. ऊस, मका, ज्वारी आणि बाजरी ही सी-फोर पिकं.

या पानांमध्ये घर दोन खोल्यांचं असतं. बाहेरच्या खोलीत, म्हणजे दोन शिरांमधल्या पेशींत, रुबिस्कोला प्रवेशच नाही. तिथं दुसरं विकर कार्बन पकडतं, आणि त्याला ऑक्सिजनची भूल पडत नाही. तयार झालेलं आम्ल शिरेभोवतीच्या जाड भिंतींच्या पेशींत पोचतं, फुटतं आणि तिथं कार्बन डायऑक्साइड दाटून राहतो. रुबिस्को या आतल्या खोलीत बसलेला असतो. समोर कार्बन डायऑक्साइडच इतका, की चुकायला वाव उरत नाही. साखर इथंच होते, स्टार्चही इथंच साठतो. आयोडीनच्या काळ्या रेघा त्याच्याच. शिरेभोवतीचं हे ठसठशीत हिरवं कडं गॉटलिब हॅबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवलं होतं. त्या कड्याचं काम मात्र ऐंशीएक वर्षांनी कळलं.

ही व्यवस्था फुकट नाही. दर कार्बनमागे जादा ऊर्जा जाते, म्हणून सावलीत आणि थंडीत गव्हासारखी साधी पानंच सरस ठरतात. लख्ख उन्हात पारडं फिरतं. रंध्रं अर्धवट मिटूनही कार्बन मिळत राहतो, आणि तेवढंच कोरडं वजन तयार करायला सी-फोर झाडाला साधारण निम्मं पाणी पुरतं. जमिनीतल्या ओलीवर निघणाऱ्या सोलापूरच्या मालदांडी ज्वारीमागे खोल मुळं आणि काळी माती आहेतच, पण पानाचाही वाटा आहे.

मग ऊस पाणी पितो त्याचं काय? उसाच्या पानावर हा आरोप ठेवणं मला पटत नाही. किलोमागे पाहिलं तर ते पाणी जपूनच वापरतं. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, ज्वारी चारेक महिन्यांत घरी येते. प्रश्न पिकाच्या मुक्कामाचा आणि आपण ते कुठं लावतो याचा आहे.

तणांनाही ही विद्या अवगत आहे. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या एका नावाजलेल्या यादीत लव्हाळा पहिला आणि हराळी दुसरी; दोन्ही सी-फोर. घोळ तर त्याही पुढची. एरवी सी-फोर, पण पाण्याचा ताण पडला की ती निवडुंगासारखी रात्री कार्बन पकडून आम्लाच्या रूपात साठवते. अशा पानांची चव पहाटे आंबट असते आणि दिवस चढेल तशी उतरते. पानफुटीच्या पानाची ही खोड मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी चाखून ओळखली आणि १८१३ मध्ये पत्रातून कळवली. तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाताला सी-फोर करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००८ च्या सुमारास सुरू झाला. विकरांची जनुकं घालणं त्यातल्या त्यात सोपं. अडतं ते घराच्या बांधकामावर. ज्वारीच्या पानात दोन शिरांमध्ये दोन-तीनच पेशी असतात, भाताच्या पानात सात-आठ. शिरा जवळ आणायच्या, शिरेभोवतीच्या पेशींत हरितलवकं भरायची, आणि आम्ल एका पेशीतून दुसरीत नेण्याचा रस्ताही रुंद करायचा. वनस्पतींनी हे आपापलं, वेगवेगळ्या कुळांत, साठाहून अधिक वेळा साधलं आहे. भाताच्या खाचरात रोपांमध्ये बेमालूम मिसळून वाढणारं सावा वर्गातलं तण त्यांपैकीच एक, आणि निंदणीला उशीर झाला की ते भाताच्या डोक्यावरून वर निघतं.