भाजलेला रंग टिकतो कशावर?

दप्तरातली पत्र्याची कंपासपेटी काढा आणि तिच्याकडे नीट पाहा. झाकणाच्या सपाट भागावरचा रंग बहुधा शाबूत असेल. कडा, कोपरे आणि बिजागरी मात्र उघडी पडलेली दिसतील. पावसाळा असेल तर तिथे तांबूस डागही असेल. तुम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडचे असाल, तर पोलीस ठाण्यावरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर रायफल पाहिली असेल. तिचा काळा रंगही असाच, कडांपासून जातो.

देवरी तालुक्याचा हा भाग जंगलाचा आणि भरपूर पावसाचा. गस्तीवरची रायफल दिवसभर भिजते, वर घामाचा हात लागतो, आणि घामात मीठ असते. लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. मिठाने त्याचा वेग वाढतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. म्हणून एकमेकांत सरकणारे भाग अडकू लागतात. ऐन वेळी बोल्ट अडकला तर माणसाच्या जिवावर बेतते.

जुन्या रायफली दाहक सोड्याच्या कढत द्रावणात बुडवून काळ्या करीत. त्याने पोलादावर लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा एकदोन मायक्रॉनचा थर बसतो. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) दिसायला तो सुरेख, पण खरे रक्षण करते ते वरून पुसलेले तेल, आणि ते पावसात टिकत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश रायफलींवर भट्टीत भाजलेला काळा रंग आला. आपल्याकडे सैन्याने व पोलिसांनी वर्षानुवर्षे वापरलेली एसएलआर ही त्याच घराण्यातली.

रंग भाजायचा कशासाठी? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. नव्या लोखंडी तव्याला जवसाचे तेल पुसून तो तापवला की काही वेळाने तेल तेल राहत नाही, काळा कोरडा थर होतो. तेलाचे सुटे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन त्यांचे जाळे, म्हणजे बहुवारिक बनते. धानाच्या बांधीत जवस पेरणाऱ्या आपल्या भागाला हे तेल नवे नाही. कारखान्यात तेलाऐवजी फिनॉलिक किंवा इपॉक्सीसारखी राळ वापरतात आणि साधारण १२० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात. जाळे पुरे विणले गेले की रंग द्रावकातही विरघळत नाही. द्रावकात भिजवलेले फडके घासल्यावर त्यावर रंग उतरला, तर भाजणी कच्ची राहिली. जास्त भाजले तर थर ठिसूळ होतो. शिवाय पोलादाला दिलेले पाणी जाईल, स्प्रिंगा नरम पडतील इतकी उष्णता देताच येत नाही.

पण थर कठीण झाला म्हणजे काम झाले, असे समजू नका. रंगातून पाणी मुळीच जात नाही ही समजूत चुकीची आहे. पाण्याचे व प्राणवायूचे रेणू प्रत्येक रंगातून हळूहळू झिरपतात. रंग धातूला घट्ट चिकटलेला असेल तर त्यांना खाली साचायला जागा मिळत नाही, एवढेच. ओरखडा पडला की खरी परीक्षा. ओरखड्यात लोखंड विरघळते आणि शेजारी, रंगाच्या कडेखाली, अल्क तयार होते. हे अल्क रंगाची पकड सोडवत आत सरकते व गंज त्यामागून जातो. वरून थर अखंड दिसतो. नखाने उचलला की पापुद्रा निघतो!

म्हणून रंगाआधी पोलादाला फॉस्फेट देतात. १९०६ साली टॉमस कॉसलेट या ब्रिटिश संशोधकाने या रीतीचे पेटंट घेतले. जस्त किंवा मँगनीज मिसळलेल्या कढत फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणात पोलादावर बारीक स्फटिकांचे खरबरीत अस्तर उगवते. त्याच्या फटींत रंग रुततो; शिवाय अस्तर वीज वाहू देत नसल्याने ओरखड्याजवळची क्रिया मंदावते. माझ्या मते टिकाऊपणाचे मोठे श्रेय या न दिसणाऱ्या अस्तराला आहे. बोटाच्या चिकटपणाचा डाग राहिला तर तिथे ते उगवतच नाही.

कडांचे दुखणे निराळे. भट्टीत रंग आधी पातळ होतो आणि पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरतो. कडेवर थर पातळ, आणि घासणेही तिथेच! पुण्याच्या एआरडीई संस्थेत जिचा आराखडा झाला त्या इन्सास रायफलीची चौकट दाबून घडवलेल्या पत्र्याची आहे, म्हणजे कडा आल्याच. म्हणून धार आधी गोल करून घेणे चांगले.

हे तुम्हाला शाळेत पाहता येईल. लोहाराकडून काळ्या पत्र्याच्या तीन पट्ट्या आणा व काचकागदाने घासा. एक ओल्या फडक्यात दोन दिवस ठेवून तिच्यावर पातळ गंज येऊ द्या. मग ती आणि दुसरी स्वच्छ पट्टी जवसाचे तेल लावून, पुसून, धूर थांबेपर्यंत तव्यावर भाजा. हे काम अंगणात, शिक्षकांसमोरच करा. तिसरी कोरी ठेवा. तिन्हींवर खिळ्याने रेघ ओढा आणि मिठाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्यात आठवडाभर गुंडाळून ठेवा. रेघेच्या दोन्ही बाजूंना गंज किती मिलिमीटर सरकला ते रोज पट्टीने मोजून वहीत लिहा. तेलाचे फडके मात्र चुरगळून टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. तो पाण्यात बुडवून ठेवा.