केमॅलॉकचा फ्लॅग: कर्नल, अटॉमिक की नो-आयओ?

चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये, कोचिंग क्लासेसच्या पाट्यांच्या गर्दीत बसून आज एक छोटा पण महागात पडणारा प्रश्न घेऊ. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये केमॅलॉकने मेमरी मागताना फ्लॅग कोणता द्यायचा?

बरेच जण सगळीकडे जीएफपी अटॉमिक लिहून मोकळे होतात. “सर, चालतंय ना!” चालतं, पण मशीनमध्ये मेमरी भरपूर आहे तोवरच.

जीएफपी म्हणजे ‘गेट फ्री पेजेस’. मेमरी कमी पडली तर आपण थांबू शकतो का, आणि ती मोकळी करायला कर्नलने काय केलेलं चालेल, हे फ्लॅग सांगतो.

पहिला, जीएफपी कर्नल. इथे कर्नल बदललेली पानं डिस्कवर लिहून जागा करू शकतो, तोवर आपला कोड झोपतो. प्रोब, ओपन अशा साध्या ठिकाणी हाच वापरा.

दुसरा, अटॉमिक. इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक धरलेला असताना झोपता येत नाही, तिथे हा. तो राखीव साठ्यातही हात घालू शकतो. अडीअडचणीसाठी डब्यात ठेवलेले पैसे रोजच्या भाजीला वापरले, तर खऱ्या अडचणीला डबा रिकामा!

तिसरा, नो-आयओ. समजा, तुम्ही पेनड्राइव्हचा ड्रायव्हर लिहिताय. मेमरी संपत आली, म्हणून कर्नल म्हणतो, ‘ही पानं पेनड्राइव्हवर लिही.’ त्या कामासाठी तुमचा ड्रायव्हर जीएफपी कर्नलने मेमरी मागतो. कर्नल पुन्हा पेनड्राइव्हकडेच वळतो. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात, मशीन अडकतं आणि न लिहिलेला डेटा जाऊ शकतो. म्हणून डिस्कच्या वाटेवर जीएफपी नो-आयओ, आणि फाइल सिस्टीमच्या आत नो-एफएस. २०१३ च्या लिनक्स ३.९ पासून ‘मेमॅलॉक नो-आयओ सेव्ह’ आणि ‘रिस्टोर’ या जोडीने कोडच्या अख्ख्या टप्प्याला हा नियम लावता येतो.

म्हणजे स्वतःला दोनच प्रश्न विचारा. मी इथे झोपू शकतो का? झोपलो, तर माझ्याच कामाची वाट बघत बसेन का?

आणि फ्लॅग कोणताही असो, मेमरी मिळाली का, हे तपासाच. सरावाच्या कर्नलमध्ये ‘डीबग अटॉमिक स्लीप’ हा पर्याय चालू ठेवा, नको तिथे झोपलात की तो लगेच ओरडतो.

आज घरी गेल्यावर आपल्या ड्रायव्हरमधला प्रत्येक केमॅलॉक या दोन प्रश्नांनी तपासून बघा. भेटूया पुढच्या भागात!